पाखरांवरचा आळ

मी पाखरांवर खोटा आळ घेतला होता. आळ घेतला, खटला चालवला, शिक्षा सुनावली आणि ती अंमलातही आणली. वर गल्लीत चार जणींना सांगून तारीफ करून घेतली. तेव्हा मी नववीत होते. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, आणि विज्ञानात वर्गात पहिली आल्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळून चुकलंय अशी खात्री. आज ती पोर समोर आली तर दोन्ही वेण्या धरून तिला जंबेरीच्या रोपापुढं नेईन आणि म्हणेन, बाई गं, तोंड मीट आणि डोळे उघड. पण ती ऐकायची नाही. तिला बोलायचंच फार असायचं.

आमचं घर शहराच्या कडेला, फुलंब्रीचा रस्ता जिथं वस्ती मागं टाकतो तिथं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि मागं अंगण, ज्यात एक लिंबाचं झाड, म्हणजे कडूलिंबाचं. दादा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात पाळीवर जायचे. पहिली पाळी असली की पहाटे माय भाकरी थापायची. त्या थापांच्या आवाजानं मला जाग यायची, आणि अजूनही कुठं भाकरी थापल्याचा आवाज आला की मला वाटतं शाळेला उशीर झाला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली दादांचा डबा भरून ठेवलेला. डब्यात अंबाडीची भाजी असली की तिच्यावरच्या लसणाच्या फोडणीचा वास तसबिरीपर्यंत जायचा. सकाळी मायचं एक काम कधी चुकायचं नाही. चूल पेटवायच्या आधी ती लिंबाखाली मातीच्या परळात पाणी भरायची आणि शेजारी मूठभर ज्वारी टाकायची. मग चिमण्या यायच्या, साळुंक्या यायच्या, आणि सगळ्यात शेवटी ते सातभाई, लग्नात जेवणावरून भांडणाऱ्या वऱ्हाडासारखे. एवढा कालवा व्हायचा की दादा रात्रपाळी करून आले असले तर उशी डोक्यावर घ्यायचे. पण परळ हलवा म्हणायची त्यांची टाप नव्हती.

त्या घरात कौसाआत्या आली. दादांची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर सोडून, एका पिशवीनिशी आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि आमच्याकडं विचारायची पद्धत अशी होती की कुणी थेट विचारायचं नाही. आपापसात मात्र सगळे अंदाज बांधायचे. आत्याची जीभ तिखट असेल, तिला स्वयंपाक येत नसेल, मूल नाही म्हणून असेल. तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला डाग होते. मायनं विचारलं तर म्हणाली, ‘‘तव्याचा चटका बसला, वैनी.’’ बायकांच्या हाताला तव्याचे चटके असतातच. मायच्या हाताला होते, माझ्याही होते. विषय तिथंच मिटला.

आत्याला एक कला यायची. सासरी ती नवऱ्याबरोबर मोसंबीच्या बागांत कामाला जायची आणि तिथं डोळा बांधायला शिकली होती. जंबेरी म्हणजे एक जातीचं रानटी लिंबू. त्याचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीत चीर द्यायची आणि मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, त्यात बसवून पट्टीनं बांधायचा. मुळं जंबेरीची, फळ मोसंबीचं. आत्यानं बांधलेला डोळा सहसा फुकट जात नसे. फुलंब्रीकडच्या एका बागाईतदारानं तिला सांगितलं होतं, ‘‘आधी तुझ्या हातची जंबेरी दाखव. रोपं चांगली निघाली तर माझ्या रोपवाटिकेत राहा, खोली देतो.’’ आमचे भाऊबंद दादांच्या मागं लागलेच होते की बाईनं माहेरी किती बसायचं. दादांनी त्यांना शब्द देऊन टाकला: बागाईतदारानं ठेवून घेतलं तर कौसा तिकडं जाईल, नाही घेतलं तर उन्हाळ्यात नांदायला परत. आत्यानं हे ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. त्या दिवशी भातात एकही खडा निघाला नाही.

म्हणून आमच्या अंगणात काळ्या पिशव्यांत जंबेरीची रोपं उभी राहिली, रांगेनं, शाळेच्या प्रार्थनेला उभी असावीत तशी. माय कुरकुरली, कारण धुणं वाळत घालायची जागा गेली आणि नळाचं पाणी वाटलं गेलं. पण शेणखत मायनंच आणून दिलं.

आत्या मला सोबत घेऊन रोपं बघायची. तिची एकच शिकवण होती. ‘‘सुमे, पान उलटं करून बघ. चोर पुढच्या दारानं येत नाय.’’ आणि खरंच, पानाच्या पाठीवर केवढं गाव वसलेलं असायचं! हिरवा-काळा मावा देठाशी दाटीवाटीनं बसून रस प्यायचा, आणि त्याच्या चिकट गोडीसाठी मुंग्यांची ये-जा. त्यावर आत्या चुलीतली चाळलेली राख सकाळी दहिवर असताना भुरभुरायची. पिठासारखा पांढरा ढेकण्या दिसला की रिठ्याच्या फेसात चिंधी बुडवून पुसून काढायचा. पानात चांदीच्या दोऱ्यासारखी वेडीवाकडी रेघ दिसली की आत नागअळी आहे समजायचं आणि ते पान खुडून चुलीत टाकायचं. आणि सगळ्यांवर औषध म्हणजे निंबोळ्यांचं पाणी. आमच्याच लिंबाच्या वाळवून ठेवलेल्या निंबोळ्या कुटायच्या, फडक्यात बांधून रातभर भिजवायच्या, सकाळी पिळायच्या, आणि त्यात थोडा रिठ्याचा फेस घालायचा, म्हणजे पाणी पानाला धरून राहतं. पण शिंपडायचं ऊन उतरल्यावर. एकदा मी शहाणपणानं लसूण-मिरचीचं पाणी भर दुपारी शिंपडलं. वारा माझ्याकडंच वाहत होता. किड्यांचं काय झालं माहीत नाही, मी मात्र परळात तोंड बुडवून बसले होते आणि साळुंक्या लिंबावर बसून माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्याशी माझं वैर तेव्हाच सुरू झालं असावं.

मग वेरूळहून सांगावा आला. आत्याच्या मावसबहिणीचं बाळंतपण, घरात दुसरं बाईमाणूस नाही. आत्या जायला तयार नव्हती. शेवटी मीच म्हणाले, ‘‘जा की गं. मी काय कुकुलं बाळ हाय? रोज प्रत्येक पान उलटं करून बघीन.’’ आणि मी शब्द पाळला. हीच तर मौज आहे. रोज शाळेतून आले की मी प्रत्येक पान उलटं करून बघायची. पाठ स्वच्छ. मावा नाही, ढेकण्या नाही. फक्त पानांच्या वरच्या बाजूला पाखरांची शीट पडलेली असायची. काळपट तपकिरी, मध्ये पांढरा ठिपका, ओलसर, चकचकीत. मला शिसारी यायची. पाणी मारलं तरी जाईना. आणि चार दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की ज्या पानावर शीट आहे त्याच पानाला कडेनं खाचा पडल्यात. झालं! विज्ञानातल्या पहिल्या नंबरानं लगेच सिद्धांत मांडला: शीट जहाल असते, तिनं पान जळतं, जळून झडतं. म्हणजे गुन्हेगार कोण? पाखरं.

मी कामाला लागले. मायच्या तुटक्या बांगड्या आणि डब्यांची झाकणं सुतळीला बांधून रोपांवर लटकवली. वारा आला की अंगणात बेंडबाजा. दादांचा फाटका सदरा काठीला घालून उभा केला. सुट्टीच्या दिवशी ताट-पळी घेऊन बसायची, पाखरू दिसलं की बडवायची. आणि शेवटी परळ पालथं घातलं. माय म्हणाली, ‘‘पाखराचं पाणी तोडायलीस? काय पाप केलं त्यायनं?’’ मी मायला जहालपणाचा सिद्धांत समजावून सांगितला. माय शाळेत गेलेली नव्हती आणि मी तिला ते त्या दिवशी जाणवून दिलं. ती गप्प झाली. पाखरंही गप्प झाली. उरली ती फुलपाखरं, काळी-पिवळी ठिपक्यांची, रोपांवर भिरभिरायची, कोवळ्या शेंड्याला क्षणभर टेकून उडायची. मी त्यांचं कौतुक करायची. शेजारच्या मैत्रिणींना बोलावून दाखवायची, बघा आमच्या जंबेरीला कशी फुलपाखरं येतात! अंडी घालायला आलेल्या बाईला मी पाहुणी म्हणून बसवत होते.

आता पुंडलिकनगरातल्या आमच्या गच्चीवर माझी नात कढीपत्त्याच्या कुंडीपुढं फोन धरते, आणि फोन तिला किडीचं नाव सांगतो. मला त्या फोनचा फार हेवा वाटतो, आणि जरा रागही येतो. मला जे कळायला केवढं सोसावं लागलं ते याला बसल्याजागी कळतं.

आत्या परतली तेव्हा दुपार कलली होती. दारात पिशवी ठेवून ती सरळ अंगणात आली आणि थबकली. ‘‘एवढं सुनंसुनं कामून वाटायलंय? पाखरं कुठं गेली?’’

‘‘हुसकावली!’’ मी छाती काढून म्हणाले. ‘‘त्यांच्या शिटीनं पानं जळत होती.’’

आत्या रोपांच्या रांगेतून चालत गेली. कित्येक रोपांना नुसते देठ उरले होते. मी तिच्या मागं मागं पुरावा दाखवायला. ‘‘ही बघ शीट,’’ म्हणत मी काडीनं एक ठिपका खरवडला. तो हलला. अंग आकसून त्यानं मान वर केली, आणि डोक्यातून लालसर अशी दोन मऊ शिंगं बाहेर काढली. सडक्या लिंबाचा उग्र दर्प आला. मी अशी किंचाळले की माय लाटणं घेऊन बाहेर आली.

‘‘काय झालं?’’

‘‘शिटीला शिंगं फुटली!’’

माय वाकली, तिनं बघितलं, आणि माझ्याकडं मान वळवली. ‘‘पहिला नंबर म्हणं,’’ एवढंच बोलली ती.

आत्या खाली बसली होती. तिला मोठी हिरवी अळी ठाऊक होती; बागेत फवारा मारून गडी ती पाडायचे. पण लहानपणी तीच अळी शिटीचं सोंग घेते हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती प्रत्येक रोपाला बोट लावत गेली, आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘मालक आठवड्यात येणार हायेत बघायला.’’ तिचा चेहरा मी आधी कधी असा बघितला नव्हता. तिला रोपांचं दुःख होतं असं मला वाटलं. मी तेवढीच होते.

त्या दिवसापासून आम्ही तिघी सकाळ-संध्याकाळ अळ्या वेचायला लागलो. चिमट्यानं उचलायची, साबणाच्या पाण्यात टाकायची. शेंड्यावर मोहरीहून बारीक पिवळसर अंडी दिसली की नखानं काढायची. ऊन उतरलं की निंबोळ्यांचं पाणी, लिंबाच्या डहाळीनं, पानाच्या पाठीवर आणि पोटावर दोन्हीकडं. परळ मी सुलटं केलं, घासलं, भरलं. पाणी भरणं माझ्याकडं कायमचं लागलं. अळ्या टिपणारी पाखरं मात्र लगेच आली नाहीत. त्यांनी चांगलं ताणून धरलं. मी लिंबाखाली उभी राहून ‘या ना गं’ म्हणायची, आणि माय चुलीपुढून म्हणायची, ‘‘ताट-पळी घेऊन बोलाव, त्यानं येतील.’’

वेचताना आत्या बाह्या वर सारायची. ते डाग मला रोज दिसायचे. वाटाण्याएवढे, गोल, एकाखाली एक. मी त्यांच्याकडं बघायची आणि मनात म्हणायची, तव्याचा चटका. डोळ्यांपुढं होतं, आणि नाव आयतं मिळालेलं होतं, मग कोण बघतंय.

बागाईतदार आले. मायनं चहा केला, त्यांनी तो पडवीत उभ्यानंच घेतला. रोपांवरून नजर फिरवली. जी वाचली होती त्यांना नुकते पोपटी कोंब फुटत होते. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ‘‘बाई, हात चांगला आहे तुझा, दिसतंय. पण यंदा या काड्यांवर डोळा बसायचा नाही. पुढच्या साली बघू.’’ आत्यानं ‘बरं’ म्हटलं. ती कप विसळायला गेली आणि बराच वेळ नळ नुसता वाहत राहिला. ज्या घरात पाण्याच्या तांब्यावरून बोलाचाली व्हायची, त्या घरात मायनं तो नळ बंद कर असं म्हटलं नाही.

दोन दिवसांनी आत्याचा नवरा आला न्यायला. आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामा म्हणतात. मामा म्हणजे पांढरीशुभ्र टोपी, गोड वाणी. आल्या आल्या ‘‘जयभीम वैनी, जयभीम भाऊ,’’ आणि माझ्या हातावर गोळ्यांची पुडी. मला ते आवडायचे, हेही लिहून ठेवते. अंगणात लिंबाखाली बाज टाकली. दादा दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होते, तरी बसले. मामा म्हणत होते, ‘‘झालं गेलं. घर म्हणलं की भांड्याला भांडं लागतं. मी समदं विसरलो बघा.’’ दादा मान हलवत होते. शब्द दिलेला माणूस दुसरं काय करणार? आत्या पडवीच्या दारात पिशवी घेऊन उभी होती, तीच पिशवी.

बोलता बोलता मामांची विडी संपली. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आणि शेजारच्या रोपाच्या एका पानावर ती टेकवून विझवली. सहज. बोलण्यात खंड न पडू देता. ते वाचलेल्या रोपांपैकी एक होतं, त्याला चार पानं फुटली होती, मी त्यांना ओळखत होते. मी धावत गेले आणि पान हातात घेतलं. त्याला मधोमध भोक पडलं होतं. गोल, वाटाण्याएवढं, कडेला तपकिरी करपलेली किनार.

त्या महिन्यात मी भोकांशिवाय दुसरं काही बघितलेलं नव्हतं. अळी कडेनं खाते. नागअळी रेघ ओढते. उन्हानं करपलं तर शेंडा वाळतो. असं भोक कुठल्याच किडीचं नव्हतं. आणि तरी मी ते पाहिलेलं होतं, रोज, सकाळ-संध्याकाळ. मी पान खुडलं आणि आत्यापाशी गेले. यात काही शौर्य होतं असं कुणी समजू नये. मोठ्यांच्या भांडणातलं मला काही कळत नव्हतं. फळ्यावरच्या गणिताचं उत्तर सुचल्यावर बाईंनी न विचारता उठणारी मुलगी असते ना, ती मी. मी आत्याची बाही वर केली. ती हात मागं ओढत होती. मी पान त्या डागावर ठेवलं. भोक डागावर बरोबर बसलं.

‘‘दादा,’’ मी म्हणाले, ‘‘हे तव्याचं नाय.’’

मामा हसले. ‘‘पोरगी लई शानी हाय तुमची.’’ दादा उठून आले. त्यांनी ते पान बघितलं, मग आत्याचा हात हातात घेऊन बघितला, एकेक डाग, बोट फिरवत, वरपासून खालपर्यंत. लहानपणी तिला अक्षरं शिकवताना ते असंच बोट फिरवायचे, हे मला आत्यानं पुढं सांगितलं. त्यांच्या कारखान्याचा भोंगा वाजून गेला होता, पाळी चुकली होती. ते वळले, बाजेपाशी गेले, मामांच्या हातातला अर्धा भरलेला चहाचा कप काढून घेतला आणि मोरीत ओतला.

‘‘तुमची गाडी सुटंल,’’ ते म्हणाले. ‘‘कौसा कुठं येणार नाय.’’

मायनं आत्याच्या हातातली पिशवी घेतली, आत नेली आणि खुंटीला अडकवली. पुढं खूप सोसावं लागलं. भाऊबंदांनी दादांना शब्द मोडणारा म्हटलं आणि लग्नाकार्यात बोलावणं बंद केलं. आत्या लोकांच्या घरी धुणं-भांडी करू लागली. बागाईतदार पुढच्या साली आलाच नाही. आणि एवढी रोपं तिनं एकाच वेळी पुन्हा कधी वाढवली नाहीत. त्या दोन खोल्यांत तिची चौथी उशी कायमची झाली, आणि पाहुणे आले की मी उंबऱ्यात झोपायची.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मामा गेल्यावर मला रडू फुटलं. काय आठवून ते सांगता येत नाही; गेलेली रोपं, विडीचा वास, मी खिशात ठेवलेली ती गोळ्यांची पुडी. मी लिंबाखाली बसून हुंदके देत म्हणत होते की समदं माझ्यामुळं झालं, मी नीट बघितलं असतं तर तुला खोली मिळाली असती. आत्या आली, शेजारी टेकली. तिची बाही अजून वरच होती, ती तिनं खाली ओढली नव्हती. वर लिंबात कुणीतरी कर्कश ओरडलं, आणि मग दुसरं, तिसरं; ते सातभाई होते. आत्यानं वर बघितलं, मग माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली:

‘‘उलटं पान बघायला मी शिकवलं. सुलटं बघ म्हणायचं माझंच राहिलं. ते कामून तुझ्या माथी घेतीस? ऊठ आता, पाखराचं पाणी भर. सकाळपासून परळ कोरडं पडलंय.’’